गळ्यातले पाच बिल्ले

सटाणा
१८ जानेवारी २०२५

मनीषा,

आशीर्वाद आहेतच, पण ते आज शेवटी लिहीन. आधी राग.

परवा तिळगूळ घेऊन तुमच्याकडे आले. न कळवता आले, ही माझी चूक धर. रिक्षा गिरणीपाशी सोडली, तर समोर माझा भाऊ उभा. गळ्यात दोरी आणि दोरीला पितळेचे पाच बिल्ले! तो गिरणीवाला, खंडूपेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल, त्याला म्हणतो, "खंडूभाऊ, बिल्ला?" आणि माझा भाऊ मुकाट्याने एक बिल्ला काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. अगं, म्हशीच्या कानाला बिल्ला मारतात तोसुद्धा एकच असतो. ओझरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं ज्याने विमानं जोडली, त्याच्या गळ्यात तू हे अडकवलंस? तुझ्याकडे न जेवता निघाले, ते पोट बिघडलं म्हणून नव्हे. ह्यामुळे.

डोक्याचं एवढं मोठं ऑपरेशन झालेला माणूस दळणाचा डबा घेऊन एकटा रस्त्याने फिरतो, आणि तू शाळेच्या ऑफिसात बसलेली. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण घरातलं माणूस असं गल्लीच्या भरवशावर सोडतात का?

आई जाताना मला म्हणाली होती, "खंडूकडे बघ." मी रिटायर झालेय, घर मोकळं आहे, करायला दोन हात आहेत. मी त्याला घेऊन येते. तू घरी आल्यावर तुझ्यासमोरच त्याला विचारलं, "येतोस माझ्याकडे?" क्षणाचाही विचार न करता तो "हो" म्हणाला. त्यातून काय ते समज.

फोन करत नाही. मला धड ऐकू येत नाही, मग तू ओरडतेस, मी ओरडते, आणि तिकडे खंडू कानावर हात ठेवून बसतो. म्हणून पत्र. पोरीला, आरोहीला, परीक्षेसाठी आशीर्वाद. तुलाही.

कलाआक्का

*

आडगाव नाका, नाशिक
२४ जानेवारी २०२५

आक्का,

नमस्कार. तुमचं पत्र आरोही मोठ्याने वाचायला लागली होती. दुसऱ्या ओळीलाच मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

बिल्ल्यांचं सांगते. कारखान्यात हत्यारखात्यातून पाना घ्यायचा तर त्याच्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी पाना परत केला की बिल्ला परत. एक पाना हरवला तर विमान जागचं हलू देत नाहीत, कारण तो आत कुठे राहिला असेल सांगता येत नाही. हे ह्यांनी पंचवीस वर्षं केलं. अपघातानंतर दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ह्यांना आरोहीचं नाव आठवत नव्हतं. एके दिवशी नवनाथभाऊ आले. ह्यांच्याच खात्यातले, आता रिटायर झालेत आणि आमच्या शेजारीच राहतात. त्यांनी खिशातून आपला जुना बिल्ला काढून सहज ह्यांच्या हातावर ठेवला. हे उठले, भिंतीपर्यंत गेले, कॅलेंडर खाली काढलं आणि बिल्ला त्या खिळ्याला अडकवून परत येऊन बसले. नवनाथभाऊ तिथेच रडले.

त्यातून हे सगळं निघालं. पाच बिल्ले, पाच जागा: डेअरी, गिरणी, वाचनालय, नवनाथभाऊंचं घर आणि उज्वलाताईंचं केंद्र. डोक्याला मार लागलेल्या माणसांकडून तिथे रोजच्या कामांचा सराव करून घेतात. ह्यांनी जिथे जायचं तिथे पोचल्यावर बिल्ला खिळ्याला अडकवायचा, निघताना काढून गळ्यात घालायचा. ते विसरले तर समोरचा आठवण करतो. तुम्ही ऐकलंत ते तेच. खिळा भरला की गिरणीवाला योगेश मला एक मिस्ड कॉल देतो, रिकामा झाला की दुसरा. वीस मिनिटांत हे घरी दिसले नाहीत तर डेअरीवाला सायकल काढतो. आतापर्यंत नऊ वेळा काढलीय, आणि एकदाही त्याने मला ते बोलून दाखवलं नाही. उज्वलाताईंनी ह्या सगळ्यांना मारुतीच्या देवळात एक रविवार बसवून शिकवलं. आक्का, गल्लीच्या भरवशावर म्हणालात. हो, आहेत ते गल्लीच्या भरवशावर. अशी गल्ली मला तरी दुसरीकडे मिळायची नाही.

आणि त्यांच्या "हो"चं. ते सगळ्यांनाच हो म्हणतात. मागे पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा आला, त्याला हो म्हणाले. दुसऱ्या कंपनीचा आला, त्यालाही हो. मी आठवडाभर उशिरा येत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात तीन मशिनं लागली होती! डॉक्टर सांगतात, हवं-नको ठरवणाऱ्या भागालाच मार बसलाय, ते कदाचित परत येईल, कदाचित नाही. म्हणून योगेश त्यांना "चहा घेता का" असं विचारत नाही, "चहा की पाणी" असं विचारतो. दोन वर्षं दोन महिने झाले, मी त्यांच्या तोंडून एकदाही "नाही" ऐकलेलं नाही. त्यांना माझ्याजवळ राहायचंय की नाही हेसुद्धा मला माहीत नाही. बाकी सगळं मी काढते, पण हे सहन होत नाही.

तरी घेऊन जा. आरोहीची बारावीची परीक्षा अकरा फेब्रुवारीपासून आहे, घरात शांतता लागेल. दीड महिना ठेवा. मी चार पानं लिहून देतेय, कृपा करून ती वाचा.

मनीषा

*

सटाणा
१७ फेब्रुवारी २०२५

मनीषा,

तू आता ऐकच. खंडूचं वजन दोन किलोने वाढलं!

तुझी चार पानं मिळाली. पस्तीस वर्षं शाळेत मुलं सांभाळलेल्या बाईला शर्टाची बटणं कशी लावायची ह्यावर अर्धं पान लिहिलंयस, त्याचं मला हसू आलं. बिल्ले कपाटात ठेवलेत. इथे त्यांचं काय काम? मी आहे ना. सकाळी मी त्याला उठवते, पाणी काढून देते, कपडे घालते. न्हावी घरी येतो. जेवायला मी समोर बसते, घास करून देते, म्हणजे सांडत नाही. दुपारी झोपतो, संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून देते. काही म्हणजे काही त्रास नाही. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, घरात माणूस आहे असं वाटतसुद्धा नाही.

जरा जास्त झोपतो एवढंच. आणि पेपर मागायचा, तो हल्ली मागत नाही. डोळ्यांना विश्रांती मिळतेय, बरंच आहे.

ह्याला म्हणतात सांभाळणं. तुला टोचून बोलत नाहीये. बरं, बोलतेय थोडंसं.

कलाआक्का

*

नाशिक
२२ फेब्रुवारी २०२५

आक्का,

बटणं तुम्ही लावता?

ते पहिलं बटण त्यांनी लावलं तेव्हा आम्हाला सात महिने झाले होते. सात महिने रोज सकाळी मी हात मागे बांधून उभी राहायची, नाहीतर माझाच हात पुढे जायचा. शाळेत उशीर झाला म्हणून हेडसरांची बोलणी खाल्ली. एकदा तर मीच किंचाळले, "लावा ना एकदाचं!" आणि मग संडासात जाऊन रडले. पाचही बटणं लागली त्या दिवशी आरोहीने सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

ते स्वतः जेवतात, आक्का. सांडतात, मग फडकं घेऊन पुसतात. दाढी स्वतः करतात. पेपर मागायचे बंद झाले म्हणजे डोळ्यांना विश्रांती नाही हो, ते मागायचंच विसरत चाललेत. माणूस घरात असून वाटत नाही, हे लताबाईंनी कौतुकाने म्हटलं असेल, पण मला ते वाचून धडकी भरली. उज्वलाताई सांगतात की वापरलं नाही तर हातचं जातं, आणि पुन्हा येईलच असं नाही.

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण उद्यापासून तुमचे हात जरा मागे बांधा. तुमच्यापेक्षा लहान आहे मी, तरी सांगतेय.

मनीषा

*

सटाणा
३ मार्च २०२५

मनीषा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भयंकर चिडले होते. मला शिकवते! दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी जे झालं ते तुझ्यापासून लपवावं असंच माझ्या मनात होतं. ते जमत नाही, म्हणून लिहिते.

गुरुवारी मी आंघोळीला गेले होते. दार उघडं होतं. बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी. मला वाटलं ओट्यावर असेल. मग गल्ली बघितली, मग देवमामलेदारांचं देऊळ, मग स्टँड. कुणालाच काही ठाऊक नाही, कारण तीन-चार आठवड्यांत मी त्याला गल्लीला दाखवलंच नव्हतं. "माझा भाऊ बघितला का?" असं विचारलं की लोक म्हणायचे, "बाई, तुमना भाऊ कसा शे दिसाले?" दिसायला कसा आहे, हा अहिराणीतला साधा प्रश्न माझ्या काळजाला लागला.

तो कांद्याच्या बाजारात सापडला. आवक मोठी, ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा आरडाओरडा. तो मधोमध कानावर हात ठेवून उभा होता. कुणीतरी बाजूला हो म्हटलं, हा "हो" म्हणाला आणि हलला नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा हो. त्याचं ते अडखळतं चालणं आणि जड जीभ. सकाळीच पिऊन आलाय असं समजून एका टेम्पोवाल्याने त्याला ढकललं. कोपर सोललंय, गुडघ्याला खरचटलंय. डोक्याला काही नाही. डॉक्टरांना दाखवलं, खरंच नाही.

माझा जुना विद्यार्थी हर्षल पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने मला रस्त्यात धावताना बघितलं आणि माझ्याबरोबर शोधायला निघाला. आम्ही पोचलो तेव्हा खंडू एका हाताने गळ्याशी चाचपडत होता. शर्टाच्या आत, कॉलरखाली, पुन्हा आत. काय शोधतोय ते हर्षलला कळलं नाही. मला कळलं. मनीषा, ते पाचही बिल्ले माझ्या कपाटात होते.

चूक माझी आहे. तुझी चार पानं मी काल रात्री पहिल्यांदा नीट वाचली. तू हे सगळं दोन वर्षं करत होतीस आणि मी दर सणाला येऊन तुझ्या भिंतीवरची जळमटं मोजत होते. मला लाज वाटते.

स्वतःला शिक्षा म्हणून आज सकाळी त्याचं एकही बटण लावलं नाही. एक तास दहा मिनिटं लागली. तीनच लागली.

कला

*

नाशिक
८ मार्च २०२५

आक्का,

पत्र आल्याबरोबर वाचलं. संध्याकाळी पुन्हा वाचलं. तुमच्यावर मी रागावलेली नाही. पहिल्या वर्षी ते माझ्या हातून दोनदा सुटले होते. एकदा थेट महामार्गावर. ते तुम्हाला कधी कळवलं नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ह्याची भीती होती.

आणि तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. आरोहीची परीक्षा हे निमित्त होतं. ती कानात बोळे घालून कुठेही अभ्यास करते. मला झोपायचं होतं, आक्का. तुमची गाडी वळली, मी वर आले आणि चौदा तास झोपले. उठल्यावर भाताच्या शिट्ट्या मोजत नुसती ओट्याशी बसले. पहिले पंधरा दिवस हे परत यावेत असं मला वाटलंच नाही. एकदाही नाही. असली कसली बायको मी! सोळाव्या दिवशी योगेशने विचारलं, "वहिनी, खंडूभाऊ कधी येणार? खिळा रिकामा बरा नाही वाटत." तेव्हा कुठे मला रडू आलं.

हे मी कुणाला बोलले नव्हते. केंद्रात उज्वलाताईंना काल सांगितलं. त्या म्हणाल्या, सांभाळणाऱ्यालाही सुट्टी लागते, ती मागायला लाजू नये. बोलायला सोपं आहे.

आरोहीचा शेवटचा पेपर अठराला आहे. त्याच दुपारच्या गाडीने न्यायला येते.

मनीषा

*

सटाणा
१६ मार्च २०२५

मनीषा,

हे पत्र हर्षलच्या हाती पाठवतेय. तो मोटारींचे पार्ट घ्यायला नाशिकला येतोय. मंगळवारी येऊ नकोस. घाबरू नकोस, नीट वाच.

आधी तुझं. तू चौदा तास झोपलीस ते योग्य केलंस. मला जर कुणी दोन वर्षं चार महिने असं उभं ठेवलं असतं, तर मी चौदा दिवस झोपले असते. असली कसली बायको म्हणतेस? वेडे, मी शाळेत शेकडो आया बघितल्या, पण हात मागे बांधून सात महिने उभं राहणारी एकही बघितली नाही. हे मी गावभर सांगत फिरतेय. आणि फिरले म्हणजे खरंच फिरले. अर्ध्या बाजारपेठेने माझ्या हाताखाली पाढे पाठ केलेत, त्याचा आता उपयोग केला. खंडूचा हात धरून एकेका दुकानात गेले आणि त्याची ओळख करून दिली. "हा माझा भाऊ. प्यालेला नसतो. हो म्हणाला तर विश्वास ठेवू नका." किराणावाल्याने विचारलं, "बाई, आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, वही काढ, लिहून घे. पंचेचाळिशीचा बाप्या, पण त्याने मुकाट्याने वही काढली.

नवनाथभाऊंना तू पाठवलंस का? ते नाही म्हणतात, पण मला पटत नाही. हातोडी आणि फळी घेऊन एसटीने आले, दोन दिवस राहिले, चार दुकानांत खिळे ठोकून गेले. इथे बाजारात आवाज फार, तर कुठल्या वेळी कुठून न्यायचं तेही त्यांनीच चालून ठरवलं. जाताना म्हणाले, "बाई, त्याच्या हातात लय काम हाय अजून. बसवून नका ठेवू." एवढा साधा माणूस, पण मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते बिचारे दोन पावलं मागे सरकले.

हर्षलच्या दुकानात खंडू रोज दोन तास बसतो. आधी नटबोल्ट वेगळे करायचा. परवा हर्षलने चुकीचा पाना लावला, तर खंडूने त्याचा हात धरून बाजूला केला आणि बरोबर पाना दिला. हर्षल त्याला आता "उस्ताद" म्हणतो. ह्याच हर्षलला मी पाचवीत वर्गाबाहेर कान धरून उभा केला होता. मला माफ कर म्हणाले, तर म्हणतो, "बाई, मला आठवत पण नाही." खोटं बोलत होता.

आता मुख्य. आज सकाळी खंडू ओट्यावर बसून एक उघडी मोटार पुसत होता. मी म्हटलं, "मंगळवारी मनीषा येतेय. नाशिकला जायचं ना?" मी उत्तराची वाटही बघितली नाही, आत वळले. मागून आवाज आला.

"नाही."

मी कानातलं मशीन काढलं, पदराने पुसलं, परत लावलं. पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, "नाही. मोटार राहिली. गुरुवार."

मी त्याच्या शेजारीच बसले. तो पुसत राहिला, मी रडत राहिले. अगं, माझ्या भावाने मला नाही म्हटलं!

वाईट वाटून घेऊ नकोस. तो तुला नाही म्हणाला नाही, हातातलं काम टाकायला नाही म्हणाला. गुरुवारी यायला तो तयार आहे, हे त्याने स्वतः ठरवलंय. रंगपंचमीचा गोंधळ बुधवारी उरकतोय, गुरुवारी ये. तोवर झोप.

आणि एक. दर वर्षी दोन महिने तो माझा. हे तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला हवाय म्हणून.

कला

*

नाशिक
२४ मार्च २०२५

आक्का,

हर्षलने पत्र दिलं तेव्हा मी दारातच वाचलं. तो पोरगा पाण्याचा ग्लास हातात घेऊन तसाच उभा, आणि मी वाचतेय, परत वाचतेय. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, येऊ का मी?"

तुम्ही गुरुवारी स्टँडवर बघितलंतच, हे चढताना मागे वळून तुमच्याकडे बघत होते. मला आधी वाटलं, न्यायला आले हेच चुकलं. मग गाडी सुटली आणि काय सांगू! देवळ्याला गाडी थांबली तेव्हा विचारलं, भजी खायची? नाही. पाणी? नाही. खिडकीशी बसता? नाही. पिंपळगावपर्यंत नुसतं नाही, नाही. डोकं उठलं माझं. शेजारची बाई म्हणाली, "फार हट्टी आहेत हो तुमचे." मी म्हटलं, "हो ना!" आणि इतकी हसले की ती बाई दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लगेच फार धरून चालू नका, काही दिवस येईल, काही दिवस जाईल. शनिवारी दिवसभर पुन्हा हो-हो चाललं होतं. मी मन घट्ट केलं. दोन महिन्यांचं मला मान्य आहे, आक्का, आनंदाने. तुमच्यासारखी नणंद आहे हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं. तुम्ही ज्या वयात हे सगळं नव्याने शिकलात, त्या वयात मला जमेल की नाही कुणास ठाऊक.

काल रात्रीचं सांगते आणि थांबते. कारल्याची भाजी केली होती. अपघाताच्या आधी हे कारल्याला हात लावत नसत, तुम्हाला ठाऊक आहेच. मागची दोन वर्षं मात्र वाढलं की गपचूप खायचे. मला वाटलं, चला, तेवढी एक आवड तरी बदलली. म्हणून मी आठवड्यातून दोनदा करत होते. काल ताट पुढे ठेवलं, तर ह्यांनी ते हाताने सरकवलं. "नको." मी म्हटलं, खा, साखरेला चांगलं असतं. "नको!" मी म्हटलं, दिवसभर राबून मी केलंय. त्यावर हे ओरडले. मीही ओरडले. कुणीही कानावर हात ठेवला नाही. आरोही पुस्तक घेऊन दारात आली आणि बघतच राहिली.

सव्वादोन वर्षांनी आम्ही भांडलो, आक्का. इतक्या जोरात की नवनाथभाऊंच्या मंडळींनी खिडकी उघडून विचारलं, "मनीषा, काय गं झालं?"

मी डोळे पुसत म्हटलं, "काही नाही हो. हे नको म्हणतायत."

तुमची
मनीषा